आठ मिनिटं आणि एक पेनल्टी

१३ जाने., सोम. पौष पौर्णिमा

सुकती, म्हणजे पुरी ओहोटी, पावणेपाचला. साडेतीनलाच वाळू मोकळी झाली. बांबू रोवले, जाळी बांधली. रापणीचं फाटकं जाळं, मासे धरायचं सोडलंय, फुटबॉल धरतं. एकतीस मुलं. बादलीत चिठ्ठ्या, संघांना माशांची नावं: बांगडे, पेडवे, इसवण, मोरी म्हणजे शार्क. ख्रिश्चनवाडीतला धाकटा सॅबी चिठ्ठी उघडून रडकुंडीला. "माका पेडवो नको, माका मोरी होऊचा आसा." म्हटलं, अरे, पेडवे हजारांनी फिरतात, मोरी बिचारी एकटी. पटलं. मोरी काय खाते ते कोणीतरी सांगेलच त्याला.

दर खेपेला नव्या चिठ्ठ्या, नवे संघ. वाडीचा संघ करायचा नाही. येईल तो खेळेल, बाकावर कोणी बसणार नाही. आपल्याकडे बाकच नाही. हे सगळं माझ्या दोस्ताचं, इनास मास्तराचं डोकं. मी बर्फवाला, मला कुठले नियम सुचतात.

शेवटची मॅच अर्धी राहिली. बॉल लाटेबरोबर गेला, होडी घालून आणेपर्यंत सूर्य बुडाला. स्कोर लिहून ठेवला. अमावास्येच्या सुकतीला तीच मुलं, तिथूनच पुढे.

बाराच्या सुमाराला हात खिशातल्या फोनकडे जातो अजून. सात वर्षं मॅचच्या दिवशी इनासचा ठरलेला फोन: "बाबल्या, सुकती कितक्या वाजता रे?" तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली या माणसाने, समुद्रापासून शंभर पावलांवर जन्मला, आणि हा हिशेब येत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरती, आपल्या किनाऱ्यावर अर्धा तास अलीकडे, त्यात सहा मिळव, झाली सुकती. काठीने वाळूत काढून दाखवलं होतं. म्हणाला, "तू आसस मां? मग माका कशाक?"

दोन वर्षं झाली त्याला लेकीकडे इंग्लंडला जाऊन. तिथल्या सुकतीचं कोण सांगतं कोणास ठाऊक. गाव समुद्रापासून लांब आहे म्हणे.

१५ जाने.

इनासचा फोन.

"येतंय. सहा फेब्रुवारीक. बारा दिस."

"कशाक?"

"थोडा काम आसा."

'थोडा' जरा लांबवला. होडीवाला "थोडी मासळी आसा" म्हणतो तेव्हा किती लाद्या बर्फ लागणार, हे मी आवाजावरून ओळखतो. त्याच्यावरच तर कारखाना उभा राहिला. तरी पुढे विचारलं नाही.

बायकोला, सुलभाला सांगितलं. म्हणाली, "इली माझी सवत." आणि लगेच कोकमं किती आहेत ते बघायला गेली.

१९ जाने., रवि.

न्हाव्याच्या खुर्चीत डोळे मिटून बसलं की लोकांना वाटतं कानही मिटले. मागे बाकावर दोघे:

"मास्तराचा घर जाताहा."

"कोणाक?"

"सावंतवाडीची पार्टी. होमस्टे करतली."

"बर्फवाल्याक म्हायत नाय वाटता."

कात्री थांबली. मी घोरल्यासारखं केलं. कात्री पुन्हा सुरू.

म्हणजे थोडं काम ते हे.

२९ जाने., बुध. अमावास्या

आधी तेरा तारखेची अर्धी मॅच संपवली. तीच मुलं, तोच स्कोर. मग नव्या चिठ्ठ्या.

एक नवं चेडू आलं, मुलगी. अस्मिता. बाप नेपाळचा, आंब्याच्या बागेत राखणदार. आधी जामसंड्याला होता, यंदा आमच्या गावच्या बागेत. दहा-अकराची असेल. अनवाणी, लांबून बघत उभी. चिठ्ठ्या संपल्या होत्या. सिगारेटच्या पाकिटाचा तुकडा फाडून 'बांगडा' लिहिलं आणि बादली पुढे केली. तिने हात घातला, काढला, वाचता येईना. सॅबीने वाचून दाखवलं. "बांगडो. बरो आसता. तळूक पण."

डाव्या पायाने मारते. दोन गोल.

एका मुलाचा बाप जवळ येऊन म्हणाला, "बर्फवाल्यानु, आमची पोरां धा वर्षां हयची, आणि ही पावसाक निघान जातली. तिका कित्याक घेतास?"

म्हटलं, "बरोबर. पावसाळ्यात निघून जातात त्यांना घ्यायचं नाही असं ठरवलं तर तुझ्या ट्रॉलरवर खलाशी राहील का एक तरी?" हसला. गेला.

त्याला सांगितलं नाही ते इथे: मी अकरा वर्षांचा, धक्क्यावर डोक्यावरून बर्फ वाहायचो. अंगाला मासळीचा वास. शाळेच्या मैदानाच्या कुंपणाला लागून उभा राहायचो. आत सगळी बूटवाली मुलं. एकाने नाक धरलं. इनास गोलमध्ये होता, तो तिथूनच ओरडला, "ए बर्फ, हंय ये, माझ्या जाग्यार उभो रव, माका मुताक जावचा आसा." मुतायला गेला तो परत गोलमध्ये आलाच नाही, पुढे जाऊन खेळला. मी सामनाभर गोलमध्ये. सात गोल खाल्ले. त्या दिवसासारखं पोट पुन्हा कधी भरलं नाही.

६ फेब्रु., गुरु.

आला. बारीक झालाय. केस पुरे पांढरे, स्वेटर हातात घेऊन फिरतोय, कुठे ठेवायचा ते कळत नसल्यासारखा. माझ्याकडून किल्ली घेऊन घर उघडलं. दार अडकलं होतं, खालच्या कोपऱ्यावर कुठे लाथ मारायची ते त्याच्या पायाला अजून माहीत.

जेवायला इकडे. तिसऱ्या बांगड्याला सुलभा म्हणाली, "तकडे काय खातास?"

"मासो मिळता गो. पण तेका तोंड नसता, शेपटी नसता. कापडात गुंडाळल्यासारखो."

घराचं बोलला नाही. मीही नाही. दोघंही म्हातारे चोर.

९ फेब्रु., रवि.

दुपारी त्याच्या पडवीत. शेवटी बोलला.

"बाबल्या, घर म्हणजे कौलां. दर वर्षी फुटतत. मी थयसून कितकी वर्सां तुका त्रास देऊ?"

मला त्रास झाला असं मी कधी म्हटलंय?

मग मुद्दा. पार्टी चांगली आहे, पण तिची सोय मे अखेरीस. त्यासाठी पुन्हा एवढा प्रवास झेपणार नाही. म्हणून माझ्या नावाने मुखत्यारपत्र करायचं. म्हणजे त्याच्या वतीने सही मी करायची.

"म्हणजे तुका परत येवची गरज नाय," मी म्हटलं.

"गरज नाय," तो म्हणाला. कौलांकडे बघत.

बघूया म्हटलं. ज्या माणसाने मला आत बोलावलं त्याचं दार मी बंद करायचं. बघूया म्हणजे काय बघूया.

१२ फेब्रु., बुध. माघ पौर्णिमा

आज मोठी मॅच व्हायची. नऊ वर्षांपूर्वी याच तिथीला लीग सुरू केली, म्हणून या दिवशी सगळी मुलं दोनच संघांत. यंदा बांगडे सोळा, पेडवे सोळा.

घेतली नाही. इनास गोव्याला बहिणीकडे गेलाय, उद्या रात्री येणार. मॅच रविवारी सकाळी ठेवली. वद्य चतुर्थी, सुकती साडेआठ. चर्चमधली मिस्सा नऊला सुटते. साडेनवाला सुरू केली तर साडेदहाला आटपेल, पाणी त्यानंतर आत येतं. बसतं हिशेबात.

सुलभा: "सुकती काय तुमचो गडी आसा? इनासभावजींसाठी थांबतली?"

नऊ वर्षांत एकदाही कोणासाठी तिथी हलवली नव्हती. सरपंचासाठीही नाही.

१४ फेब्रु., शुक्र.

मालवणला गेलो, दोघं, मुखत्यारपत्राला. कचेरीत शिरल्यावर आम्ही दोघंही एकदम पुस्तकातलं बोलायला लागतो. साहेब सभ्य होते.

"मुखत्याराचं मूळ आधार कार्ड लागेल."

मी पाकीट उघडलं. सगळे कप्पे बघितले. "घरी राहिलं वाटतं."

"मग सोमवारी या."

सोमवारी दुपारी त्याचं विमान. त्याने बाहेर येऊन दोन सोलकढ्या मागवल्या.

कुठेतरी खरं असावं म्हणून लिहितो. कार्ड विसरलो नव्हतो. सकाळी पाकिटातून काढून टेबलाच्या खणात, विजेच्या बिलांखाली ठेवलं. पन्नास वर्षांच्या दोस्तीत पहिली लबाडी. आणि वर बिलं नीट रचून ठेवली, याचंच वाईट वाटतं.

१६ फेब्रु., रवि.

साडेआठला वाळू लांबच्या लांब पडलेली. साडेनवाला सगळी मुलं हजर, चर्चमधली पांढऱ्या शर्टात. इनास नाही. मिस्सा सुटल्यावर सावंतवाडीची पार्टी त्याला घरी घेऊन गेली, माप घ्यायला.

शिट्टी तोंडात धरून उभा. पावणेदहा. मुलं माझ्याकडे बघतायत. दहा. अस्मिता जवळ आली. "बर्फकाका, सर के लिए पानी रुकेगा क्या?"

दहा वाजून पाच मिनिटांनी तो आला. नवी पँट, बूट हातात. "सुरू कित्याक नाय केलास? मेल्या, पाणी फिरला!" मला शिव्या देताना जुना इनास.

शिट्टी मारली. पहिला अर्धा एक-एक. मध्ये थांबलोच नाही, नुसत्या बाजू बदलल्या. मग पेडव्यांचा एक, बांगड्यांचा एक. दोन-दोन. पाणी कोपऱ्याच्या निशाणाला लागलं. सॅबी पेडव्यांच्या गोलमध्ये होता, त्याचा पाय कालवाच्या शिंपीवर कापला. रक्त बरंच. पेडवे पंधरा उरले. इनासचाच नियम, दोन्हीकडे सारखी डोकी हवीत. मुलांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने बूट माझ्या हातात दिले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गोलमध्ये जाऊन उभा राहिला. मी हसलो नाही, कारण तोंडात शिट्टी होती. नाहीतर काय केलं असतं देवाला ठाऊक.

एक अडवला. दुसरा खांबाला लागला. पाणी घोट्यापर्यंत. बॉल पळेना, मुलं धावत कमी, उडवत जास्त. आठ मिनिटं राहिली असताना एका पेडव्याच्या हाताला बॉल लागला, गोलच्या पुढ्यात. पेनल्टी. मारणार अस्मिता.

तिने बॉल ठेवला. लाट आली, बॉल गेला. आणून पुन्हा ठेवला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी दाबून धरला, हात सोडला तसा तरंगला.

इनास पोटरीभर पाण्यात हात पसरून. "मार गो चेडवा! मार!"

"बॉल खडा नहीं रहता, सर."

शिट्टी मारावी लागली. संपली नाही, थांबली. मग सॅबी, पायाला सुलभाचा पदर बांधलेला, काठावरून ओरडला, "तीच पोरां!" आणि सगळी मुलं, "तोच स्कोर!" हा त्यांचा दर वेळचा ओरडा, नेहमी हसत हसत. आज ओरडून झाल्यावर सगळी इनासकडे बघायला लागली.

तो चष्मा पुसत होता. ओल्या शर्टाने. पुसून काय होणार.

बांबू उपटून दोघांनी खांद्यावर घेतले. तो पुढे, मी मागे.

"आधार खंय आसा तुझा?"

"घरात."

"घरात खंय?"

"खणात. बिलांखाली."

दहाएक पावलांवर बांबूंचं टोक त्याने दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "माका म्हायत होता," म्हणाला. "कचेरीत कप्पे उघडलंस तेव्हाच. लहानपणी पण तुका खोटा बोलूक येय नसा." मागे वळला नाही. त्यामुळे तोंड दिसलं नाही.

१७ फेब्रु., सोम.

मोपाच्या विमानतळावर सोडून आलो. किल्ली पुन्हा माझ्याकडे. "पावसाआधी कौलां बघ." पार्टी मे अखेरपर्यंत थांबेल. "तोपर्यंत थयसून कागद धाडतंय, नाय तर..." तेवढ्यात मागच्या गाडीने हॉर्न मारला. वाक्य तिथेच राहिलं.

गाडीत त्याचे बूट. ओले. वाळूने भरलेले. फोन केला तर म्हणतो, ऱ्हवंदे.

२७ फेब्रु., गुरु. अमावास्या

मुलं येऊन रांगेत उभी. पहिली ती मॅच. म्हटलं, सर नाहीत.

एकाच्या आईचं म्हणणं, दुसरा कोणीतरी उभा करा आणि मिटवा. मलाही तसंच वाटलं होतं. सॅबीचा पाय बरा झालाय, गोल त्याचाच. त्याला विचारलं.

"मी उभो रवलंय तर ता खोटा जातला, बर्फकाका. तेव्हा सर हुते."

सात वर्षांचं पोर. माझा खण आठवला.

कारखान्याच्या लोखंडी दारावर मुलांनी खडूने लिहिलं: २–२. ८ मि. पेनल्टी अस्मिता. गोलात इनास सर. गाड्या भरायला येणारे विचारतात हा काय नवा भाव आहे बर्फाचा.

१४ मार्च, शुक्र. फाल्गुन पौर्णिमा

शिमगा. मुलं रंगलेली, मॅच कमी आणि धुडगूस जास्त. बॉल गुलाबी.

सकाळी सावंतवाडीची पार्टी कारखान्यात आली होती. माणूस खरंच चांगला, हीच पंचाईत. म्हणाला, "लंडनला वकिलातीतून कागद करून पाठवता येतो. आला की तुमची सही लागेल."

"करीन."

करीनही. दोनदा लपवायचं नाही. आधार कार्ड इनासला खरं सांगितलं त्याच दिवशी पाकिटात परत ठेवलं.

दुपारी, मॅचच्या आधी, इनासच्या घरी जाऊन कौलं बघितली. अकरा फुटलेली. खाली उभा राहिलो तर जमिनीवर उन्हाचे अकरा तुकडे. बदलायची, पण कोणासाठी ते माहीत असतं तर जोरात बदलली असती.

२० एप्रिल, रवि.

ईस्टर. मीच फोन केला. हवा, गुडघे, नातीची परीक्षा. मागे एक आवाज. धप्. मग जरा वेळाने धप्. फोनमधून मला होडीचं इंजिन कोणतं ते कळतं, हे कळणार नाही?

"बॉल कोण मारता? नात?"

"नाय."

धप्.

"मीच. भिंतीर. स्पीकरार ठेवलंय तुका."

कितीतरी वेळ नुसतं धप्, धप्. फोनवर असं कधी कोणाबरोबर बसलो नव्हतो.

शेवटी म्हणाला, वकिलातीत तारीख घेतली आहे, आठ मेची. कागदासाठी.

बरं म्हटलं.

२७ एप्रिल, रवि. अमावास्या

आंबा उतरत आला. अस्मिताच्या बापाचं काम पंधरा मेपर्यंत, मग गावी. पुढल्या वर्षी कुठली बाग ते त्यालाही माहीत नाही. म्हणजे आता एकच पौर्णिमा, बारा मे. त्यानंतर तिच्याशिवाय, आणि मग पाऊस.

मुलांना सांगितलं. लपवून काय करायचं. ती डाव्या पायाच्या अंगठ्याने वाळूत रेघ ओढत राहिली. मग म्हणाली, "काका, फोन दो."

दिला. सगळी मुलं होडीच्या पलीकडे जाऊन, डोकी एकत्र करून, त्यात काहीतरी बोलली. सॅबी सगळ्यांना गप्प करत होता, मग तोच हसत होता. इनासला पाठवलं. मी ऐकलं नाही. वारा माझ्या दिशेने होता, चार पावलं पुढे गेलो असतो तर सगळं ऐकू आलं असतं. उलट बर्फाच्या गाडीपर्यंत मागे गेलो. अजूनही फोनवर आहे ते. दाबलं की वाजेल. दाबलेलं नाही.

२८ एप्रिल, सोम.

ऐकलंय त्याने. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

सुलभा: "फोन काय भाकरी आसा, सारखो परतून बघतास?"

२९ एप्रिल, मंगळ.

सकाळी लाद्या भरताना मेसेज. एकच ओळ.

"बाबल्या, वैशाख पुनवेक सुकती कितक्या वाजता रे?"

हात पुसले. पंधराची पाऊणपट, अर्धा तास वजा, सहा मिळवले. पावणेपाच. पुन्हा केला हिशेब, मग पेन्सिल घेऊन खोक्यावर. पावणेपाचच.

तेवढंच लिहून पाठवलं. आठ तारखेचं काय, कागद येणार की काय, काही विचारलं नाही.

मग खडू घेऊन दाराकडे गेलो. गाड्यांच्या धक्क्यांनी आणि बर्फाच्या पाण्याने '८ मि.' जवळजवळ गेलं होतं, 'इनास सर' अर्धं उरलं होतं. दोन्ही गिरवलं. भरणारे थांबून बघत होते, त्यांना म्हटलं, बघताय काय, लाद्या वितळतायत.